वाचक विचारतात : चावी तुमच्या हातात असती तर?

मागच्या अंकात या सदरात मी ‘चावीवाला’ या खेळाबद्दल दहा-बारा ओळी लिहिल्या होत्या. सोलापूरच्या पूर्व भागात एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी मुलं जमतात, सातवी ते दहावीतली. त्यांनी खेळता खेळता बऱ्यावाईटाचा विचार करावा म्हणून, आणि पुढे पुढे त्यांच्याच मदतीने, हा खेळ मी लॅपटॉपवर तयार केला. पडद्यावर गोष्ट पुढे सरकते आणि अडचणीच्या जागी थांबते. तिथून पुढचं मुलांनी ठरवायचं, आणि ती ठरवतील तशी गोष्ट वळते. खेळणारा चावीवाला असतो : पहाटे उठून गल्लीगल्लीला पाणी सोडायचं आणि ठरल्या वेळी बंद करायचं. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तिथे चावीवाला म्हणजे कोण हे मुलांना सांगावं लागत नाही.

त्या दहा-बारा ओळींवर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच देते आहे. काहींनी नाव छापू नका असं कळवलंय, म्हणून कुणाचंच छापत नाही.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. मोबाइलवर जे गेम खेळतो त्यात तो गाड्या चोरून पळवतो, माणसं उडवतो आणि त्याबद्दल त्याला पैसे मिळतात. तुम्ही लिहिता की खेळातून बऱ्यावाईटाचा विचार शिकवता येतो. तसं असेल तर माझा मुलगा सध्या काय शिकतोय? – एक वडील, जुळे सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्रामुळे मला माझंच म्हणणं पुन्हा तपासावं लागलं. खेळ खेळला म्हणून कुणी नीतीने वागायला लागतं असं मी मानत नाही, आणि खेळला म्हणून कुणी चोर होतं असंही मानत नाही. खेळात मूल एक निर्णय घेतं, एवढंच. तो का घेतला हे त्याला कुणी विचारलं, त्याने कारण शोधून चारचौघांत मांडलं, कुणी ते खोडून काढलं आणि याला पुन्हा विचार करावा लागला, तर शिकणं सुरू होतं. तुमच्या मुलाच्या गेममध्ये हे ‘का’ विचारणारं कुणी नाही. गाडी चोरण्यापेक्षा मला त्याची काळजी जास्त वाटते.

आपल्याकडे मोक्षपट खेळला जायचा. परंपरा त्याचं नातं ज्ञानेश्वरांशी जोडते. सद्गुणाच्या घरातून शिडी वर जाते, दुर्गुणाच्या घरातून साप खाली आणतो. मला तो पट फार आवडतो. पण त्यात एक गोष्ट नाही. लोभाच्या घरात तुम्ही लोभ केला म्हणून जात नाही, दान तसं पडलं म्हणून जाता. शिडीचंही तसंच. काय चांगलं आणि काय वाईट हे पट सांगतो, पण ठरवण्याची वेळ खेळणाऱ्यावर येऊच देत नाही. आम्हाला ती वेळ आणायची होती.

पहिल्या प्रयत्नात मी मोठी चूक केली. तीन वर्षांपूर्वी पॉवरपॉइंटवर एक गोष्ट केली होती : सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर पाळण्याखाली तुम्हाला पैशांचं पाकीट सापडतं. प्रत्येक वळणावर तीन पर्याय. बरोबर पर्यायाला हिरवी खूण, घंटेचा आवाज आणि दहा गुण. पंधरा मिनिटांत सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण पडले. मला आनंद झाला. मग सातवीतला एक मुलगा म्हणाला, “बाई, सोप्पंय की ओ. ज्यात पोलीस नायतर आई-बाबा शब्द असतोय, तोच बरोबर असतोय.” पाकीट, त्याचा मालक, त्याचं हरवलेलं भाडं, यातलं काहीच त्यांच्या मनात शिरलं नव्हतं. त्यांनी अभ्यास केला होता माझा, म्हणजे बाईंना काय आवडतं याचा. एकतीस वर्षं शिकवून मला हे त्या दिवशी नीट कळलं. तेव्हापासून आमच्या खेळात गुण नाहीत, हिरवी खूण नाही, घंटाही नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५८ च्या आपल्या प्रबंधासाठी शिकागो परिसरातल्या ७२ मुलग्यांना काही पेच घातले होते. त्यातला हाइन्झचा पेच आजही जगभर वापरतात. हाइन्झची बायको कर्करोगाने मरणाच्या दारात आहे. औषध एकाच दुकानदाराकडे आहे. त्याला ते २०० डॉलरला पडतं आणि तो २,००० मागतो. हाइन्झकडे कसेबसे १,००० जमलेत. त्याने औषध चोरावं का? कोलबर्ग ‘हो’ किंवा ‘नाही’ला गुण देत नसत, ते कारण ऐकत. ‘तुरुंगात टाकतील म्हणून चोरू नये’ आणि ‘सगळे असे वागले तर कुणाचा कुणावर विश्वास राहणार नाही म्हणून चोरू नये’ ही दोन उत्तरं वरून सारखी दिसतात, पण त्यांच्यामागचा विचार वेगळ्या उंचीचा आहे. पुढे मोशे ब्लॅट यांच्यासोबत १९७५ मध्ये त्यांनी जे काम प्रसिद्ध केलं त्यात वर्गात अशा पेचांवर आठवड्यांमागून आठवडे चर्चा घडवली होती, आणि अनेक मुलांच्या कारणांची पातळी वर सरकलेली दिसली. पेच वाचून दाखवण्याने हे झालं नव्हतं, बोलण्याने झालं होतं.

तुम्ही काय करू शकाल ते सांगते. रात्री जेवणानंतर वीस मिनिटं त्याच्या शेजारी बसा आणि त्याला खेळू द्या. एकाच ठिकाणी विचारा, “इथे तू असं का केलंस?” आवाजात दटावणी नको. तो बहुतेक म्हणेल, “त्याशिवाय पुढे जाता येत नाही.” हे उत्तर खरं आहे, आणि बोलायला सुरुवात करायला पुरेसं आहे : पुढे जायला हाच रस्ता कुणी ठेवला, तुला दुसरा कोणता हवा होता? इंग्रजी जमत असेल तर त्याला ‘क्वांड्री’ हा फुकटचा खेळ दाखवा. त्यात खेळणारा परग्रहावरच्या नव्या वस्तीचा कप्तान असतो. निर्णय घेण्याआधी त्याला वस्तीतल्या माणसांचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि त्यातली वस्तुस्थिती कोणती, नुसतं मत कोणतं, हे वेगळं करावं लागतं. आमच्या मुलांना पहिल्यांदा हे वेगळं करणंच सगळ्यात जड गेलं.

प्रश्न : माझ्या वर्गात ३४ मुलं आहेत. शाळेत एक टीव्ही आहे आणि माझा मोबाइल. असा खेळ आम्हाला करता येईल का? कॉम्प्युटरचं शिक्षण मी घेतलेलं नाही. – शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, अक्कलकोट तालुका

उत्तर : ताई, एकच टीव्ही आहे हे चांगलं आहे. प्रत्येकाच्या हातात टॅब असता तर ३४ मुलं ३४ दिशांना बटणं दाबत बसली असती आणि बोलणं झालंच नसतं.

सुरुवात कागदावर करा. गोष्टीचा एकेक तुकडा एकेका कार्डावर लिहा, खाली दोन-तीन वाटा आणि प्रत्येक वाटेपुढे पुढच्या कार्डाचा नंबर. जमिनीवर कार्डं मांडून दोन मुलांना खेळायला लावा. कुठे अडतंय, कुठे कंटाळा येतोय, ते अर्ध्या तासात दिसतं. हे झाल्याशिवाय कॉम्प्युटरला हात लावू नका. मग ‘ट्वाइन’ वापरा. ख्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये काढलेलं हे साधन फुकट आहे. तुमची कार्डं त्यात चौकटींसारखी दिसतात. एखाद्या वाक्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन चौकोनी कंस टाकले की तिथून पुढच्या चौकटीला वाट फुटते. एवढं आलं की झालं. मराठीत थेट लिहिता येतं. शेवटी सगळ्या गोष्टीची एकच फाइल होते आणि इंटरनेट नसलं तरी ती ब्राउझरमध्ये उघडते. लिहिण्याचं काम कॉम्प्युटरवर सोपं जातं, तेवढ्यापुरता कुणाचा तरी दोन संध्याकाळी मागून घ्या.

आता गोष्ट. ‘चावीवाला’ अशी सुरू होते : पहाटेचे साडेचार. तुझ्याकडे सहा गल्ल्या. टाकीत पाणी नेहमीपेक्षा कमी. प्रत्येक गल्लीला पाऊण तास. तिसऱ्या गल्लीत लग्नघर आहे. मांडवाखालून एक काकू येतात आणि अर्धा तास जास्त मागतात. याच काकूंनी तुझ्या बहिणीच्या बाळंतपणात रात्री दोन वाजता रिक्षा शोधून आणली होती. सहावी गल्ली चढावर आहे. तिथे एरवीही धार बारीक.

या गोष्टीत कुणी दुष्ट नाही, हे मी मुद्दाम केलंय. दुष्ट माणूस आणला की मुलांना विचार करावाच लागत नाही. लग्नघर खरं, उपकार खरे, चढावरची गल्लीही खरी. आणि निर्णयाचा परिणाम लगेच दाखवत नाही. काकूंना अर्धा तास दिला तर त्या डोक्यावर हात ठेवतात, बुंदी देतात. त्या वेळी सगळं छान वाटतं. चार दिवसांनी पुन्हा पाळी येते तेव्हा सहाव्या गल्लीच्या तोंडाशी एक आजी रिकामी घागर घेऊन उभी असते. ती रागावत नाही. एवढंच विचारते, “आज येईल का रे?” पडद्यावर ही ओळ आली की खोलीत कुणी बोलत नाही. शिक्षा दाखवली असती तर मुलांनी खेळ पहिल्यापासून सुरू करून दुसरं बटण दाबलं असतं. आजीच्या प्रश्नावर ती तसं करत नाहीत.

टीव्हीवर वळण आलं की लगेच हात वर करायला सांगू नका. हुशार मुलाचा हात वर गेला की बाकीचे जातात. आधी प्रत्येकाने आपला पर्याय आणि एका ओळीत कारण चिठ्ठीवर लिहायचं, मग शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलायचं, मग हात. ‘मूल्यवर्धन’ या मूल्यशिक्षणाच्या कार्यक्रमातले उपक्रम घेतले असतील तर जोडीचर्चा तुम्हाला नवी नाही. ज्या बाजूला हात कमी, तिला आधी बोलू द्या. आणि भाषा मोकळी ठेवा. आमच्याकडे वाद तापला की मुलं तेलुगूवर जातात, तुमच्याकडे कन्नडवर जातील. मी थांबवत नाही. घरच्या भाषेत मूल जे कारण देतं ते त्याचं स्वतःचं असतं. मराठीत देतं ते कधी कधी नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं असतं. नंतर कुणीतरी समजावून सांगतंच.

याच खेळात मला आणखी एक गोष्ट उमगली. मी तीन पर्याय ठेवले होते : काकूंना अर्धा तास द्यावा, देऊ नये, सगळ्यांची पाच-पाच मिनिटं कापून द्यावी. मुलं तावातावाने भांडत होती. नियम मोडायचा नाही, उपकार विसरायचे नाहीत, वगैरे. मागे बसलेली आठवीतली एक मुलगी म्हणाली, “सहाव्या गल्लीला कुणी विचारलं का? लग्न आहे म्हटल्यावर ते स्वतःहून देतील पण. आणि लग्नघराने दोन टँकर मागवले तर एक त्यांनापण देता येईल.” हा पर्याय मी ठेवलाच नव्हता. वर्गात जे उत्तर सगळ्यात विचारी होतं, ते माझ्या खेळात बसतच नव्हतं.

घरी आल्यावर मला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी १९८२ मध्ये मांडलेली हरकत आठवली. त्यांनी अकरा वर्षांच्या एका मुलीचं हाइन्झच्या पेचावरचं उत्तर दाखवलं होतं. त्यांच्या लेखनात तिचं नाव एमी. चोरावं की नाही याला ती सरळ उत्तरच देत नाही. म्हणते, उसने घेता येतील, दुकानदाराशी बोलून काही मार्ग काढता येईल. कोलबर्गच्या मोजपट्टीवर ती तिच्याच वयाच्या मुलाच्या मागे पडली. गिलिगन यांचं म्हणणं, ती मागे नव्हती, तिला प्रश्नच वेगळा दिसत होता : माणसांमधलं नातं न तोडता यातून कसं निघायचं? बटणांच्या खेळात हा धोका कायम आहे. आपण ठेवलेल्या दारांतूनच मूल जातं आणि त्याला वाटतं की जगात एवढीच दारं आहेत. तेव्हापासून आमच्या प्रत्येक वळणावर शेवटचा पर्याय असतो : ‘यातलं काहीच नाही, माझा मार्ग वेगळा.’ तो निवडला की गोष्ट थांबते आणि मूल उठून सांगतं. पुढच्या आठवड्यापर्यंत मी त्याची चौकट लिहून आणते. मूळ खेळ अकरा चौकटींचा होता, आज सत्तेचाळीस झाल्या आहेत.

एक सावधगिरी मात्र मनापासून सांगते. माझ्या दुसऱ्या खेळाचं नाव ‘महिनाअखेर’ होतं. आई विड्या वळते, हातात आठशे रुपये उरलेत, घरातला कोणता खर्च कापायचा ते ठरवा. मला वाटलं, यातून मुलांना गरिबी कळेल. काही मुलं हसत हसत ‘औषध नको, दूध नको’ अशी बटणं दाबत सुटली. आमच्या गटातल्या एका मुलीची आई खरोखर विड्या वळते. ती त्या दुपारी एक शब्द बोलली नाही. पुढच्या शनिवारी लवकर आली आणि म्हणाली, “बाई, छाट किती गेली ते तुम्ही टाकलंच नाही.” कारखान्यात तपासणीत ज्या विड्या बाजूला काढतात ती छाट, तिचे पैसे मिळत नाहीत. तिच्या घरात महिनाअखेरचा सगळा हिशोब छाटीवर ठरतो, आणि मला ते माहीत नव्हतं. तो खेळ मी काढून टाकला. वर्गातल्या एकाच्या घरी जे रोज घडतं, ते बाकीच्यांना दुपारची करमणूक म्हणून देऊ नये. कधी तिला स्वतः ते लिहावंसं वाटलं तर मी टाइप करून देईन. मागणार मात्र नाही. तुमच्या ३४ मुलांच्या घरी काय चाललंय हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. गोष्ट निवडण्याआधी हजेरीपट एकदा सावकाश वाचा.

मुख्याध्यापकांनी विचारलं तर २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण दाखवा. लहान वयातच मुलांना नैतिक निर्णयासाठी विचाराची चौकट द्यावी, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं आहे.

प्रश्न : मी सोलापुरात पत्रकारितेचा अभ्यास करतो. आम्हाला नीतिमूल्यांचा पेपर आहे, पण तो पाठ करून सुटतो. आमच्यासाठी असा खेळ कसा असेल? आणि कायदा असताना वेगळ्या नीतीची गरज काय? – विद्यार्थी

उत्तर : तुमच्या खेळात घड्याळ हवं. पेपर सोडवताना तुम्ही चुकत नाही, कारण तीन तास शांत बसायला मिळतं. पान साडेअकराला छपाईला जाणार असतं तेव्हा माणूस चुकतो. ल्युकस पोप यांचा २०१३ चा ‘पेपर्स, प्लीज’ हा खेळ मिळाला तर खेळून बघा. त्यात तुम्ही एका काल्पनिक देशाच्या सीमेवर कागदपत्रं तपासणारे अधिकारी असता. जितकी माणसं तपासाल तितके पैसे, चुकलात तर दंड, आणि घरी थंडीत कुडकुडणारं कुटुंब. वाईट वागायचं कुणी ठरवत नाही. घाई आणि पगार मिळून माणसाला तिथे नेतात. बातमीच्या टेबलावरही तेच होतं.

कायद्याबद्दल : बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम २३ सांगतं की पीडित बालकाचं नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीही माध्यमांनी प्रसिद्ध करू नये. बालकाच्या हिताचं असेल तर विशेष न्यायालय परवानगी देऊ शकतं, एवढाच अपवाद. इथे खेळाची गरज नाही, हे पाठच असावं. पण समजा, पुणे रस्त्यावर अपघात झाला. हातात फोटो आलाय. चेहरा दिसत नाही, पण चादरीखालून चप्पल दिसते. घरच्यांना अजून कळवलेलं नाही. दुसऱ्या एका चॅनेलने तो फोटो लावला आहे. यावर कायदा तुम्हाला काही सांगत नाही. तुमच्या खेळाची पहिली चौकट इथे लिहा. आणि एका भूमिकेत वार्ताहर नव्हे, ती चप्पल ओळखणारी बहीण ठेवा. तिच्या भूमिकेत शिरल्याशिवाय कुणालाही ‘प्रसिद्ध करा’ हे बटण दिसणार नाही, असं करता येतं.

तुमच्याच क्षेत्रातला आणखी एक खेळ आहे, ‘बॅड न्यूज’. केंब्रिजच्या संशोधकांनी एका डच गटासोबत तो २०१८ मध्ये आणला. त्यात खेळणारा स्वतःच खोट्या बातम्या पसरवतो : भीती घालतो, तज्ज्ञ असल्याचं सोंग घेतो, लोकांत फूट पाडतो. लस टोचावी तसं थोडं विष देऊन सावध करायचं, ही त्यामागची कल्पना. आमच्या दहावीच्या मुलांनी तसाच एक कागदी खेळ केला, फॅमिली ग्रुपवरच्या फॉरवर्डचा. दुसऱ्या दिवशी एकीने आपल्या मामाला फोन करून विचारलं, “हे तुम्हाला कुणी पाठवलं?”

प्रश्न : आम्ही कीर्तनं ऐकून मोठे झालो. आजीच्या मांडीवर गोष्टी ऐकल्या. बऱ्यावाईटाचं भान त्यातून आलं. त्यासाठी पडदा आणि बटणं कशाला? – वय ७१, पंढरपूर

उत्तर : काका, कीर्तनात जे आहे ते आमच्या खेळात नाही, हे मी कबूल करते. सांगणाऱ्याचा आवाज, त्याचं स्वतःचं जगणं, शेजारी बसलेली माणसं. पडदा हे देऊ शकत नाही. मला एकच अडचण दिसते. गोष्टीतला निर्णय कुणीतरी आधीच घेतलेला असतो आणि आपण त्याला नमस्कार करून घरी येतो.

भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीसांच्या स्मारकात मी मुलांना दरवर्षी नेते. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले, कोटणीस तिथेच राहिले, ९ डिसेंबर १९४२ रोजी बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. मुलं ऐकतात, फोटोकडे बघतात, बाहेर येऊन भेळ खातात. गेल्या वर्षी मी गोष्ट मध्येच थांबवली. सोबतचे डॉक्टर परत निघालेत. जखमी सैनिक येतच आहेत. सोलापुरात घर आहे. तू काय करशील? एक मुलगा लगेच म्हणाला, “मी राहणार.” दुसरीने विचारलं, “घरी आई वाट बघत असेल तर?” त्यावर तो गप्प झाला. मग बराच वेळ बोलणं चाललं, आणि कोटणीसांनी काय दिलं हे मुलांना पहिल्यांदा कळलं असावं, असं मला वाटलं. त्या दिवशी पडदा नव्हता, बटणंही नव्हती. तुमच्या कीर्तनकार बुवांना गोष्ट सांगताना मध्येच असं एकदा थांबून बघायला सांगाल का?

प्रश्न : बाई, आमच्या शाळेत तुमचा चावीवाला खेळ दाखवला. मी मुद्दाम सगळं पाणी माझ्याच गल्लीला सोडलं. मला बघायचं होतं काय होतं. मैत्रिणी म्हणाल्या, तू तशीच आहेस. मी वाईट आहे का? – इयत्ता नववी, बार्शी

उत्तर : नाही गं. ‘बघायचं होतं काय होतं’ हे खेळात म्हणता येतं, म्हणून तर खेळ करायचा. खऱ्या चावीवर तो प्रयोग करता येत नाही. तू निवडलेल्या वाटेवर पुढे ती आजी भेटली असेल. तिला बघून तुला काय वाटलं, ते मैत्रिणींना सांग. त्यांनी ‘योग्य’ पर्याय निवडला म्हणजे त्यांना ती भेटलीच नाही. तुझ्याकडे सांगायला त्यांच्यापेक्षा जास्त आहे. आणि तुझ्या बाईंना माझा निरोप दे : खेळात निवडलेल्या पर्यायावरून कुणाला नाव ठेवायचं नाही, हे सुरुवातीलाच फळ्यावर लिहा.

प्रश्न : मी बावीस वर्षं पाण्याच्या चाव्या फिरवल्या. नातीने तुमचा खेळ दाखवला. चांगला आहे. पण तुमच्या खेळात रात्री फोन करणारा मोठा माणूस नाही. हातात बादली घेऊन शिव्या देणारा नाही. आणि चावीच गंजून फिरत नाही, अशी पहाट नाही. मी एक वही ठेवायचो. कोणत्या गल्लीला किती वाजता सोडलं, किती वाजता बंद केलं. कुणी भांडायला आलं की वही पुढे करायचो. – एक निवृत्त चावीवाला, सोलापूर

उत्तर : काका, तुमचं पत्र मी गटात मोठ्याने वाचून दाखवलं. रात्रीचा फोन आणि गंजलेली चावी या दोन चौकटी मुलांनी त्याच दिवशी लिहिल्या. वहीवर मात्र त्यांचं अडलंय. निम्मे म्हणतात वही असली की कुणाचंच ऐकावं लागत नाही. निम्मे म्हणतात उलट, वही दाखवायची म्हणजे सगळ्यांचं ऐकावं लागतं. एकाने विचारलं, वहीत कधी खोटी वेळ लिहिली का? हा प्रश्न मी तुम्हाला पत्रात विचारत नाही, त्याने समोर विचारावा असं मला वाटतं, आणि तुम्हाला वाटलं तरच उत्तर द्या. येत्या शनिवारी दुपारी साडेतीनला या. जिना उंच आहे, दोन मुलं खाली थांबतील. वही असेल तर घेऊन या.